‘टॉप २ टक्के शास्त्रज्ञ’ म्हणजे नक्की काय मोजलंय?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर आला की पेपरात जिल्ह्याच्या पानावर एक बातमी हमखास येते, अमुक महाविद्यालयाच्या प्राध्यापकांचा जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांमध्ये समावेश, सोबत पुष्पगुच्छ देतानाचा फोटो, मग ती बातमी व्हॉट्सॲपवर फिरते आणि कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतो. अभिनंदन करावं अशीच गोष्ट आहे ती. पण हे २ टक्के कशाचे, कुणी मोजले आणि कसे, हे त्या बातमीत जवळजवळ कधीच नसतं. आणि आता प्रमोशन, प्रोजेक्टचा निधी, कॉलेजचं रँकिंग सगळीकडे हेच आकडे लागतात, त्यामुळे ते कसे तयार होतात हे माहीत असलेलं बरं, खास करून ज्यांना सध्या पीएचडीसाठी गाईड निवडायचाय त्यांना.

सुरुवात सायटेशनपासून करू. संशोधक पेपर लिहितो तेव्हा आधी ज्यांनी ज्यांनी काम केलंय आणि ज्याचा आपल्याला उपयोग झालाय त्या पेपर्सची यादी शेवटी देतो. तुमचा पेपर दुसऱ्या कुणाच्या अशा यादीत आला की तुम्हाला एक सायटेशन मिळालं. बास, एवढंच. त्या माणसानं तुमची पद्धत जशीच्या तशी वापरली, की तुमची चूक दाखवली, की नुसतं ‘यावर आधीही काम झालेलं आहे’ म्हणत दहा नावांच्या रांगेत तुमचं नाव टाकलं, मोजणाऱ्या कॉम्प्युटरला तिन्ही सारखंच, प्रत्येकी एक.

हे असं का झालं ते बघण्यासारखं आहे. यूजीन गारफिल्ड नावाच्या अमेरिकन माणसानं १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कल्पना मांडली की एखादा जुना पेपर हातात असेल तर त्यानंतर त्या विषयात काय काय घडलं हे शोधायला त्या पेपरचा उल्लेख पुढे कुणी कुणी केला याची सूची हवी. म्हणजे हेतू वाचन शोधण्याचा होता, माणसांना नंबर देण्याचा नव्हता. नमुना त्यानं घेतला वकिलांकडून. अमेरिकेत १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची निघायची, एखाद्या निकालाचा दाखला पुढच्या कुठल्या खटल्यांत दिला गेला ते तिच्यात असायचं, आणि तो निकाल पुढे उचलून धरला की फिरवला हेही खुणेनं दाखवलेलं असायचं, कारण फिरवलेल्या निकालाचा आधार घेऊन वकील कोर्टात उभाच राहू शकत नाही. १९६४ मध्ये गारफिल्डच्या फिलाडेल्फियातल्या संस्थेनं ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ आणला, त्यात सूची आली पण ही खूण आली नाही. माझ्या मते आजच्या निम्म्या घोळाचं मूळ इथंच आहे.

आता आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत असतात पण ते मूळचे गणिताचे. १९०७ मध्ये गोव्यात जन्म, पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवलं, नंतर मुंबईत टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९४४ मध्ये त्यांचा चार पानांचा एक पेपर आला, एकट्याच्या नावावर. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत हे, त्यांची अदलाबदल किती प्रमाणात होते त्यावरून कसं काढायचं, याचं एक सूत्र त्यात दिलंय. आज भाताचा, गव्हाचा किंवा इतर कुठल्याही पिकाचा जेनेटिक मॅप काढणारी सॉफ्टवेअर्स उघडली की त्यात ‘कोसंबी फंक्शन’ असा पर्याय असतो, जगभरातले पीकशास्त्रज्ञ तो निवडतात, आणि त्यांच्यातले किती जण हाच माणूस प्राचीन भारताच्या इतिहासावर लिहायचा हे जाणत असतील कुणास ठाऊक.

या एका पेपरात सायटेशनची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. ताकद ही की पेपर येऊन ८० वर्षं झाली, लिहिणाऱ्याच्या मागे ना मोठी लॅब ना विद्यार्थ्यांची फौज, तरी जे उपयोगी होतं ते टिकलं आणि त्याचा माग सायटेशनमधून काढता येतो. मर्यादा ही की एखादी गोष्ट फारच रुळली की लोक मूळ पेपरचा उल्लेख करणंच सोडून देतात, ‘कोसंबी फंक्शन वापरलं’ एवढं लिहितात किंवा नुसतं सॉफ्टवेअरचं नाव टाकतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराचं वर्णन करून ठेवलंय, ज्ञान इतकं अंगवळणी पडतं की निर्मात्याचं नाव गळून जातं. म्हणजे खूप मोठा परिणाम झाला म्हणूनच सायटेशन कमी, असंही होऊ शकतं.

उलटी बाजूही आहे. २०१४ मध्ये ‘नेचर’नं सगळ्यात जास्त सायटेशन मिळालेल्या १०० पेपर्सची यादी काढली, त्यात पहिला नंबर होता ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१ च्या पेपरचा, द्रावणात प्रोटीन किती आहे ते मोजायची पद्धत, ३ लाखांहून जास्त सायटेशन्स. डीएनएची रचना सांगणारा १९५३ चा वॉटसन-क्रिकचा पेपर त्या १०० मध्येसुद्धा नव्हता. खुद्द लाउरी यांनीच लिहून ठेवलंय की हा काही महान पेपर नाही, पद्धत इतरांपेक्षा जरा बरी आणि सोपी आहे इतकंच. रोज लॅबमध्ये लागणारी पद्धत आणि आपली समजच बदलून टाकणारा शोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही हव्यात, पण एकाच आकड्यात मावत नाहीत.

आता एच-इंडेक्स. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला. एखाद्याचे सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावा, समजा पाच पेपर आहेत आणि सायटेशन्स ४०, १२, ६, ४, १ अशी आहेत. वरून मोजत या. चौथ्या पेपरला ४ सायटेशन्स आहेत म्हणजे निदान ४ पेपर असे आहेत ज्यांना निदान ४ सायटेशन्स आहेत, पाचव्याला ५ हवी होती पण एकच आहे, म्हणून एच-इंडेक्स ४. एकच पेपर गाजला आणि बाकी शून्य, असा माणूस यात वर जात नाही, आणि शंभर पेपर पाडले पण कुणी वाचले नाहीत असाही जात नाही. कल्पना हुशारीची आहे यात शंका नाही. पण समजा कुणी आयुष्यभरात फक्त कोसंबींच्या त्या चार पानांसारखा एकच पेपर लिहिला, तर हजारो सायटेशन्स मिळूनही त्याचा एच-इंडेक्स १.

दुसरं म्हणजे हा आकडा कधी कमी होत नाही, काम थांबवलं तरी वाढू शकतो, त्यामुळे ३० वर्षांच्या तरुण मुलीची आणि ६० वर्षांच्या सरांची तुलना यावर करणं चूकच. हर्श यांनी भौतिकशास्त्रापुरता अंदाज दिला होता की २० वर्षं काम केल्यावर २० च्या आसपास म्हणजे यशस्वी, ४० म्हणजे अव्वल. आपल्याकडे हे आकडे ‘भौतिकशास्त्रापुरते’ हा भाग गाळून सगळ्यांना लावले जातात. गणितात लोक कमी, पेपर कमी, प्रत्येक पेपरच्या शेवटची यादी छोटी, त्यामुळे सायटेशन्सही कमी, तेच वैद्यकशास्त्रात सगळंच भरपूर. दोघांचे एच-इंडेक्स शेजारी ठेवणं म्हणजे एकाचा कसोटीतला स्ट्राइक रेट आणि दुसऱ्याचा टी-ट्वेंटीतला बघून कोण भारी ते ठरवणं. म्हणूनच विषयाच्या जागतिक सरासरीशी ताडून बघणारे आकडे निघालेत, त्यात १ म्हणजे बरोबर सरासरीइतका, २ म्हणजे दुप्पट. एका नजरेत बघायचंच असेल तर हा आकडा एच-इंडेक्सपेक्षा प्रामाणिक आहे.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडक्यात, कारण त्यावर खूप गैरसमज आहे. तो जर्नलचा असतो, तुमचा किंवा तुमच्या पेपरचा नाही. जर्नलनं मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यावर्षी सरासरी किती सायटेशन्स मिळाली, एवढंच ते. त्यातही थोडेच लेख सरासरी वर ओढतात आणि बहुतेक लेख तिच्या खालीच असतात. माणसं निवडताना हा आकडा वापरू नका असं सांगणारा जाहीरनामा २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झाला, तरी आपल्याकडच्या फॉर्ममध्ये अजून तो रकाना असतोच.

बरं, हे सगळे आकडे काढायच्या आधी एक प्रश्न येतो ज्याकडे आपल्याकडे कुणी लक्षच देत नाही, की हा पेपर नेमका कुणाचा? पेपर्स आणि सायटेशन्सची नोंद ठेवणारे स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्ससारखे डेटाबेस नावावरून माणूस ओळखायचा प्रयत्न करतात. आता महाराष्ट्रात ‘एस. पाटील’ किती असतील विचार करा. एका पाटलांचे पेपर दुसऱ्या पाटलांच्या खात्यात जाऊन बसतात, एकाच पाटलांची तीन प्रोफाइल्स होतात, कधी वडिलांचं नाव मधे असतं कधी नसतं, कधी आडनाव आधी येतं. आणि सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बायकांचं. लग्नाआधी पीएचडी करताना देशपांडे नावानं पेपर, लग्नानंतर कुलकर्णी नावानं, काही घरांत तर पहिलं नावसुद्धा बदलतात, मग कॉम्प्युटरच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या संशोधक. आठ पेपर एका खात्यात, बारा दुसऱ्यात, आणि सिलेक्शन कमिटीसमोर दिसणारा एच-इंडेक्स खऱ्यापेक्षा कमी. यावर उपाय आहे, ऑर्किड (ORCID) नावाचा १६ अंकी नंबर, २०१२ पासून फुकट मिळतो, नाव कितीही बदललं तरी तो बदलत नाही. तुम्ही किंवा तुमची बहीण-मैत्रीण एमएस्सी, पीएचडी करत असाल तर पहिला पेपर पाठवायच्या आधी हा नंबर काढा, आणि स्कोपसवर स्वतःची दोन खाती दिसली तर एकत्र करायचा अर्ज करा, तोही फुकट आहे.

आता येऊया जाळ्याकडे. आजचं संशोधन एकट्यादुकट्यानं फार कमी होतं. प्रत्येक संशोधक म्हणजे एक ठिपका, दोघांनी मिळून पेपर लिहिला की दोन ठिपक्यांमध्ये रेघ, असं सगळ्या जगाचं चित्र काढलं तर एक प्रचंड जाळं तयार होतं. गणितवाल्यांना हे कधीपासून माहितीये कारण त्यांच्यात पॉल एर्डिश होते, हंगेरीचे, १९९६ मध्ये वारले, सुमारे १५०० पेपर आणि ५०० च्या वर सहलेखक, जिथं जातील तिथं कुणाच्या तरी घरी राहून त्यांच्याबरोबर पेपर लिहायचे. त्यांच्यासोबत लिहिलं तर तुमचा एर्डिश नंबर १, त्यांच्या सहलेखकासोबत लिहिलं तर २, असं पुढे. मग २००१ मध्ये मार्क न्यूमन या भौतिकशास्त्रज्ञानं मोठमोठे डेटाबेस घेऊन हे सगळं खरंच मोजलं. जीववैद्यकाच्या एकाच डेटाबेसमध्ये १५ लाख लेखक होते आणि कुठल्याही दोघांमधलं अंतर सरासरी पाच रेघांच्याही आत. शिवाय असं दिसलं की बहुतेक संशोधक बाकीच्या जगाशी जोडलेले असतात ते त्यांच्या एखाद-दोन सहलेखकांमार्फतच.

हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. छोट्या गावातल्या कॉलेजमधला माणूस कितीही हुशार असला तरी त्याला जगाशी जोडणारी ती एखादी रेघ नसेल तर त्याचं काम कुणाला दिसतच नाही, आणि दिसलं नाही तर सायटेशन कुठून येणार? देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रय कापरेकर बघा. ६१७४ या संख्येचा गुण (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येतं) त्यांनी १९४० च्या दशकातच शोधला होता, पण ना विद्यापीठ ना पीएचडी ना को-ऑथर, त्यामुळे आपल्याकडच्या गणिती वर्तुळातही त्यांना फार कुणी गांभीर्यानं घेतलं नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि नाव जगभर झालं. संख्या तीच होती, गुणही तोच, मधे फक्त एक रेघ जोडली गेली.

जाळ्यात माणसाची जागा बघायच्याही पद्धती आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे किती जणांसोबत काम केलंय ते मोजणं. त्याहून मोलाची म्हणजे तो माणूस दोन गटांच्या मधला दुवा आहे का ते बघणं, त्याला काढून टाकलं तर संख्याशास्त्रवाले आणि वनस्पतिशास्त्रवाले यांचा संपर्क तुटतो का, असं. अशा दुव्यावरच्या माणसाचं महत्त्व त्याच्या स्वतःच्या सायटेशन्समध्ये उमटेलच असं नाही, पण तो निघून गेला की डिपार्टमेंटला लगेच कळतं. तिसरी पद्धत म्हणजे तुम्हाला कोण साइट करतंय त्याचंही वजन धरायचं, ज्याला स्वतःला खूप जण साइट करतात त्याच्या उल्लेखाला जास्त किंमत. गुगल वेबपेजेस लावायला जे गणित वापरत आलंय तेही याच जातीचं.

पण जाळ्यात जो आधीच मोठा आहे तो आणखी मोठा होतो. याला मर्टन यांनी १९६८ मध्ये मॅथ्यू इफेक्ट म्हटलं, एकाच पेपरवर नामवंत आणि नवखा दोघांची नावं असली तर श्रेय नामवंताकडे जातं. आणि गंमत नाही, खेदाची गोष्ट सांगतो, हा सिद्धांत मोठ्या प्रमाणावर हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींवर उभा होता आणि पेपरवर नाव मात्र एकट्या मर्टन यांचं होतं. तो पेपर दोघांच्या नावानं यायला हवा होता असं मर्टन यांनीच नंतर छापून कबूल केलं, पण आजही साइट होतात ते मर्टनच.

श्रेय कुणाला किती हा प्रश्न लेखकांची संख्या वाढली की आणखी अवघड होतो. २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर पेपर काढला, ५१५४ लेखक, ३३ पानांपैकी २४ पानं नुसत्या नावांची आणि संस्थांची. त्यात सहभागी असलेल्या प्रत्येकाच्या खात्यात त्या पेपरची सगळी सायटेशन्स पूर्णच्या पूर्ण जमा होतात, वाटून नाही.

आता त्या २ टक्क्यांच्या यादीकडे या. ती स्टॅनफर्डमधले प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या डेटावरून करतात, २०१९ पासून, विद्यापीठ म्हणून स्टॅनफर्ड काही पुरस्कार देत नाही. याद्या दोन असतात, एक आख्ख्या कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षाची, बातमीत कुठली ते बघा, फरक मोठा असतो. पेपर किमान पाच असलेलेच लोक मोजणीत धरतात. आणि क्रम सहा गोष्टी एकत्र करून लागतो, एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार कमी केलेला एच-इंडेक्स, आणि मग तीन गोष्टी ज्यात तुम्ही एकटे, पहिले किंवा शेवटचे लेखक असलेल्या पेपर्सना वेगळं वजन मिळतं. जीवशास्त्रात हे बरोबर बसतं, तिथं पहिला म्हणजे ज्यानं हातानं काम केलं तो आणि शेवटचा म्हणजे लॅबचा प्रमुख. पण गणितात नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावतात, मग आपटे पहिले, वैद्य शेवटचे आणि बिचारे कुलकर्णी कायम मधे, काम तिघांचं सारखंच असूनही. तरीही मी म्हणेन की या यादीमागचा विचार नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा बरा आहे, स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स वगळून काय चित्र दिसतं हेही ती दाखवते, आणि छापल्यानंतर मागे घेतल्या गेलेल्या पेपर्सची नोंदही त्यात आता येते.

स्वतःच्या सायटेशन्सचा मुद्दा छोटा नाही. याच डेटातून २०१९ मध्ये दिसलं होतं की साधारण संशोधकाची १२.७ टक्के सायटेशन्स स्वतःची असतात, ते नैसर्गिक आहे, माणूस आपलंच काम पुढे नेतो. पण निदान २५० जण असे निघाले की ज्यांची अर्ध्याहून जास्त सायटेशन्स स्वतःकडून किंवा स्वतःच्या सहलेखकांकडून आली होती. त्यापुढे ‘तू मला साइट कर मी तुला’ अशा टोळ्या आहेत, त्या पकडायलाही जाळ्याचंच चित्र कामी येतं, कारण सगळ्या रेघा एका घोळक्यातच फिरताना दिसतात. २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटनं, म्हणजे वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या कंपनीनं, आपल्या जास्त सायटेशनवाल्यांच्या यादीतून हजारावर नावं आधीच बाजूला काढली आणि गणित हा विषयच त्यावर्षी वगळला, इतका तिथं आकडा फुगवणं सोपं झालं होतं.

आपल्याकडे हा दबाव नियमांतून आला. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१० मध्ये एपीआय स्कोअर आणला, पेपरला पॉइंट, पॉइंटवर प्रमोशन, आणि पैसे भरा नि आठवड्यात छापा अशी जर्नल्स उगवली. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं की विद्यापीठांच्या शिफारशीनं यूजीसीच्या यादीत शिरलेल्या, दुसरीकडे कुठेही नोंद नसलेल्या जर्नल्सपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असू शकतात. मग चाळून घेतलेल्या जर्नल्सची यूजीसी-केअर यादी आली, ती २०२५ मध्ये बंद झाली. पीएचडीला पेपर सक्तीचा हा नियमही यूजीसीनं २०२२ मध्ये काढला, तरी बऱ्याच ठिकाणी तोंडी सक्ती चालूच असते. यात भरडला जातो तो विद्यार्थी, पाच वर्षांच्या कामाचे तुकडे करून चार पेपर कर म्हणून त्याच्या मागे लागलेले असतात.

आणि मराठीत संशोधन करणाऱ्यांचं काय? इतिहास, भाषा, लोकसाहित्य, इथं खरं काम पुस्तकांत आणि मराठी नियतकालिकांत होतं आणि या डेटाबेसमध्ये त्यांना जवळजवळ जागाच नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढणाऱ्या राजवाड्यांचं किंवा भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करत दशकानुदशकं बसलेल्या मंडळींचं मोजमाप स्कोपसमध्ये करायला गेलात तर हाती काही लागणार नाही. अशा विषयातल्या माणसाला एच-इंडेक्स विचारूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तर गाईड निवडताना काय बघाल? त्यांचं गुगल स्कॉलर प्रोफाइल उघडा, पण त्यात थिसिसपासून प्रीप्रिंटपर्यंत (जर्नलमध्ये छापून येण्याआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) सगळं मोजतात म्हणून आकडा स्कोपसपेक्षा मोठाच दिसतो हे लक्षात ठेवा. मागच्या पाच वर्षांचा आकडा वेगळा दिलेला असतो तो बघा. स्कोपस कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर तिथं स्वतःची सायटेशन्स वगळायची सोय आहे, ती वापरून किती उरतं ते बघा. सगळ्यात गाजलेला पेपर उघडून त्यात सरांचं नाव कितवं आहे आणि एकूण नावं किती आहेत ते बघा. सहलेखकांची नावं वाचा, सगळे एकाच कॉलेजचे आहेत की बाहेरचेही, आणि विद्यार्थी पहिल्या नावावर येतात की सर नेहमी पहिले. आणि जमलं तर त्यांच्या आधीच्या एक-दोन विद्यार्थ्यांना फोन करा आणि पेपरवर नावं कुठल्या क्रमानं जाणार हे काम सुरू करताना ठरलं की सगळं लिहून झाल्यावर, तेवढं विचारा.